बघून ओव

सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी आई खिडकीशी उभी राहायची. सगळ्यांत बारीक सुई घ्यायची, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची आणि सुईत ओवायची. पहिल्या फटक्यात ओवला गेला की म्हणायची, डोळे शाबूत आहेत. उभा जन्म तिने रफू करण्यात घालवला होता. इस्त्रीने जळलेला कोट तिच्या हातून गेला, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही.

साखरेचा आजार जुनाच होता. लेकीने मागे लागून तिला दवाखान्यात नेलं. तिथे कॅमेऱ्याने डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की असे हजारो फोटो बघून शिकलेला कॉम्प्युटर आहे. आज पडद्यावर चारदोन ठिपकेच आहेत, पण वर्षा-दोन वर्षांत उजवा डोळा बिघडण्याची शक्यता तो बरीच दाखवतोय. साखर आवरा, तीन महिन्यांनी परत या.

आई वाटभर हसत होती. आता यंत्रंही भविष्य सांगायला लागली म्हणे. तीन महिने झाले, सहा झाले. लेकीने विषय काढला की आई उत्तरादाखल तिच्या नाकासमोर सुई ओवून दाखवायची.

एका संध्याकाळी वीज गेली. लेक मेणबत्ती शोधत होती. पेटवून वळली तर आईच्या हातात ओवलेली सुई.

"बघ, अंधारातसुद्धा," आई म्हणाली.

लेकीने मेणबत्ती आईच्या बोटांजवळ नेली.

"आई, तू डोळ्यांनी कधी ओवलीसच नाहीस गं. बोटांनी ओवतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सुई घेतलीच नाही. डावा डोळा तळहाताने झाकून खिडकीकडे बघत राहिली. गज मध्येच वाकडे दिसत होते. मग स्वतःच चपला घालून दाराशी येऊन उभी राहिली.

लेसर झालं, इंजेक्शनं झाली. उजव्या डोळ्याचं गेलं ते परत आलं नाही. डावा मात्र टिकला. रफू सुटलं. बटणं लावणं, उसवलेलं शिवणं चालू राहिलं. चिडचिड करायची, पण तपासणी पुन्हा कधी चुकवली नाही.

आई गेली ती हृदयविकाराने, एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. त्या सकाळी लेक कामावर निघाली होती आणि कुडत्याचं बटण तुटलं. आईने डबा उघडला, सुई-दोरा तिच्याच हातात दिला आणि तिला खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं.

"घाई करू नकोस. बघून ओव."