फणसाखालचा कापूस

आमच्या कामतघर वस्तीत पांढरं काही दिसलं की तो कापूसच, हे आम्ही धरून चालतो. शेजारच्या लूमच्या कारखान्यातून तो सारखा उडतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, पापडांवर बसतो. ओल्या बोटाने टिपला की गोळी होऊन निघतो. त्यामुळे परसातल्या फणसाखाली, कुजत आलेल्या पानांवर जे पांढरे ठिपके होते, त्यांच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

पाहिलं ते धाकट्या दिरांनी. फणस घराच्या पत्र्यावर वाकलाय, याची त्यांना आधीच धास्ती. म्हणाले, "वयनी, बुरशी हाय ही. मुळं कुजली. पत्र्यावर पडायच्या आधी तोडलेला बरा." दुसऱ्याच दिवशी भाऊजी झाड तोडणाऱ्याला आणणार होते.

फणस माझ्या यजमानांनी लावलेला. ते गेल्यावर त्यांचे कपडे, सायकल मी देऊन टाकली, तेव्हा काही वाटलं नाही. या झाडासाठी मात्र जीव तुटत होता. पण भाऊजींना नको म्हणायला कारण काय सांगणार?

भाऊजी घरी गेल्यावर मी झाडाखाली बसले आणि सवयीने बोट ओलं करून एक ठिपका टिपला. निघाला नाही. वाकला आणि पुन्हा उभा राहिला. कापूस असं करत नाही.

यजमान कारखान्यात कापड तपासायचे. त्यांचं धागे मोजायचं भिंग मी आणलं. टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी छत्री, तिच्या पोटाशी मोजक्या चुण्या, खाली केसासारखा काळा दांडा. तो थेट वाळक्या पानाच्या शिरेतून निघाला होता. खोडावर, मुळांशी, हिरव्या पानांवर तसली एकही नव्हती. मुलीने फोनवर शोधून सांगितलं, अशी अळंबी गळलेल्या पानांवरच जगते. नेमकं नाव काही तिला सापडलं नाही.

सकाळी भाऊजी माणूस घेऊन आले. मी पान आणि भिंग पुढे केलं. भावाचं भिंग त्यांनी लगेच ओळखलं. बराच वेळ डोळा लावून बसले, मग माती उकरून मुळंही पाहिली.

"पानावरचं हाय," ते म्हणाले. "झाडाचं न्हाय."

पत्र्यावरची फांदी तेवढी कापून घेतली. भाऊजी निघाले तेव्हा भिंग त्यांच्या मुठीतच होतं. मी मागितलं नाही. मला झाड राहिलं होतं, त्यांच्याकडे भावाचं काहीच नव्हतं.