सावंतांचा कान

भर दुपारी रस्त्याला कान लावून बसलेला माणूस पाहिला की येणारे-जाणारे हसत. आमच्या पाणीखात्यातले सावंत रोज तसेच बसत. लोखंडी सळईचं एक टोक डांबरावर, दुसरं उजव्या कानाशी, डोळे मिटलेले. मग हळूच म्हणत, "हय गळता." तिथे खणलं की जमिनीखाली फुटका पाइप सापडायचाच. घाटकोपरच्या टेकडीवर शेवटच्या नळाला पाणी चढतं ते सावंतांच्या कानावर, असं आम्ही ऑफिसात म्हणायचो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि नवी पोरगी म्हणून मला त्याच्यासमोर बसवलं. पहिल्याच आठवड्यात सावंत टेबलाशी येऊन उभे. निवृत्तीला चार महिने होते. म्हणाले, "बाय, माझ्या डोक्यातलं सगळं ह्याच्यात घाल. कुठला पाइप कधी फुटला, मी गेल्यावर कोण सांगणार? पाणी मातीत जात राहील."

त्यांचे पत्ते म्हणजे एकेक नमुना! "पिवळ्या बंगल्यासमोर," ते सांगत. मी वैतागायची, "काका, तो बंगला पाडून तीन वर्षं झाली!" "मग पाइप काय पळून गेला?" शेवटी टेप घेऊन आम्ही दोघं उन्हात हिंडलो आणि प्रत्येक जागा जवळच्या व्हॉल्व्हच्या झाकणापासून मोजली.

प्रत्येक ओळीनंतर त्यांचा प्रश्न ठरलेला, "गेलं ना आत? लाइट गेली तर?" मी फ्लॉपी दाखवायची. ते तिला हात लावत नसत, बिघडेल म्हणून. ही धास्ती पुढे मलाही लागली. घरी घास घेता घेता आठवायचं, आजचं सगळं साठवलं ना? बोलताना ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. तीही काळजीच असेल, असं मी समजले.

यादी पुरी झाली आणि दिसलं की टेकडीकडे जाणाऱ्या एकाच गल्लीत पाइप पाच वेळा फुटला होता. ठिगळं लावण्यात अर्थ नव्हता, अख्खा पाइपच बदलायला हवा होता. साहेब म्हणाले, आधी सावंतांना तपासू दे. सावंत बराच वेळ सळई लावून बसले. "पाइप गप आसा. हय काय गळना नाय," म्हणाले.

टेकडीवरचे नळ आठवडाभर कोरडे होते. मी हट्टाला पेटले आणि खणायला लावलं. दोन हात खाली जाताच पाणी उसळलं. मजूर ओरडले. सावंतांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंडावर हात ठेवून उभी होते.

"हात काढ, बाय," ते म्हणाले. "तू काय बोलतस ता माका नायतर कळना नाय."

पाइप बदलला, टेकडीवर धार आली, यादीबद्दल माझं कौतुक झालं. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कान पुरता जायच्या आत त्यांनी जे माझ्या हवाली केलं, त्यानेच मी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी ते सगळ्यांना नमस्कार करून जिना उतरू लागले. माफी मागायची राहिली होती. "काका!" मी मागून हाक मारली. ते वळले नाहीत. धावत पुढे होऊन त्यांच्यासमोर उभं राहायला हवं होतं, एवढंच करायचं होतं. मी वरच्या पायरीवर उभी राहून आणखी मोठ्याने हाक मारली.