वाघबारशीची रजा

कॅन्टीनच्या रांगेत ताट घेऊन उभा होतो, तेव्हा माझ्यासोबत काम करणाऱ्या सोमाच्या घरून फोन आला. त्याची बायको, सखूवहिनी, एवढंच बोलल्या, "भाऊजी, आपला मानूस गेला..." भात निसवायला आलं, लोंब्या धरायच्या वेळी खाचरात पाणी हवं, म्हणून सोमा गावी गेला होता, अकोले तालुक्याच्या पार वरच्या अंगाला. खाचराच्या बांधावर छातीत कळ आली, बसला तो उठलाच नाही. मी ताट तसंच ठेवलं. खरं सांगतो, आधी राग आला, रडू मागून आलं. इतका कसबी माणूस आमच्या कंपनीत शेवटपर्यंत कंत्राटीच राहिला, त्याचा राग.

नगरच्या नागापूर एमआयडीसीत आम्ही शेजारशेजारच्या लेथ मशीनवर. मी पाथर्डीकडचा, ऊसतोड्याचा पोरगा. तो महादेव कोळी, डोंगरातला. आमचा माल सगळा परदेशात जातो. दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी वसुबारसेला गाय पुजतात, त्याच दिवशी त्याच्या गावात वाघबारस. शिवेवर वाघोबाचा दगड, त्याला शेंदूर लावायचा, खीर शिजवायची. एका गड्याला वाघ करायचं आणि सगळ्यांनी विचारायचं, आमच्या शिवंत येशील का? तो न्हाई म्हणाला की त्याला खीर. त्यानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला हसू आलं. अरे, वाघाला कुणी जेवायला घालतं का?

"वाघाला मारायचं न्हाई," सोमा म्हणाला. "रान त्याचंबी हाय. त्याला खीर द्यायची आन आपली शीव दाखवायची."

त्याचं नाव परमनंटच्या यादीत आलं, त्या साली नेमके वाघबारशीच्या दिवशी परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होते. रजेचा अर्ज बघून साहेबांनी त्याला बोलावलं, मी सोबत होतो. ही सुट्टी कंपनीच्या कॅलेंडरात नाही, म्हणाले. मग त्यांनाच एक युक्ती सुचली. वाघबारस इथंच करू, लॉनवर. पाहुणे खूश होतील, वाघाचा ड्रेस कंपनी आणेल, आणि तुझ्या ऑर्डरवर त्याच दिवशी सही. मी त्याला कोपरानं ढोसलं. म्हटलं, हो म्हण बाबा एकदा... सोमा चिंधीनं हाताचं ऑइल पुसत होता. पुसून झाल्यावर शांतपणे बोलला, "साहेब, वरीसभर राबतो, ती तुमची खीर. ह्यो एक दिस माझी शीव हाय. हितनं आत येऊ नका."

आणि गेला की गावाला! यादीतून नाव कटलं. परत आल्यावर मी त्याला चहाच्या टपरीवर धरून झाडलं. येड्या, पोराबाळांचा तरी विचार कर, वाघ काय पगार देतो का? तो हसला. म्हणाला, "पगार कंपनीच देती. पर खांदा द्यायला शिवंतलीच मान्सं येत्याल."

आली. मी पाहिलंय. चिखल तुडवत आसपासच्या वाड्या लोटल्या होत्या. कंपनीतून आम्ही चौघं गेलो, तेही पगार कापून.

लोक म्हणतात, हट्टी होता. म्हणोत. जग कुठं चाललंय आणि हा वाघोबा धरून बसला, म्हणणारेही भेटले. अहो, हा माणूस दरसाल गेला, एकदा तरी कंपनीचं जहाज बुडालं का? आल्यावर दोन पाळ्या ओढून काम भरून द्यायचा. त्याला कारखान्याशी भांडण नव्हतंच. आपल्या देवाचा तमाशा करून पोट भरायचं नव्हतं, बस्स.

आता वाघबारस आली. यंदाही माल निघायची घाई आहे, साहेब मात्र नवे. मी रजेचा अर्ज ठेवला. त्यांनी कारण दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्यात असते का ही?"

"नव्हती," मी म्हणालो. "आता आहे."

साहेबांनी सही न करताच अर्ज बाजूला सरकवला. सखूवहिनींनी खिरीला नगरचा गूळ आणायला सांगितलाय, तो घेतला. कंपनीतलं सोमाचं कपाट दुसऱ्या कुणाला द्यायचं म्हणून रिकामं केलं, तेव्हा आत शेंदराची पुडी निघाली. दरसाल आधीच घेऊन ठेवायचा. तीही पिशवीत टाकली. रजा मंजूर झालेली नाही. सकाळच्या अकोले गाडीनं मी निघतोय.