मेल्यानंतरची मोजणी

चंद्रभान गावंड्याला बोंडअळीविषयी जेवढं ठाऊक होतं, तेवढं खुद्द बोंडअळीलाही नव्हतं. अकोल्याजवळच्या एका सरकारी कापूस फार्मवर तो वीस वर्षं कीटक-सहायक होता. सासुरवाडीला गेला तरी सासूबाईंच्या तब्येतीआधी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, विचारपूस करी. बायको वच्छला म्हणे, "यायले सांगतलं ना का घरात चोर शिरला, त विचारतीन, पंखावर ठिपके होते का?"

अशा माणसाला १९६४च्या दिवाळीत पत्र आलं. अमरावतीला कृषी-शास्त्रज्ञांची परिषद भरणार होती. तिथं त्यानं आपलं संशोधन दहा मिनिटांत, इंग्रजीत सांगायचं होतं. ऑक्टोबरात अळी अचानक बळावते आणि फवारणी तेव्हाच करावी, हा त्याचा सिद्धान्त. तो परिषदेत टिकला तर सहायकाचा अधिकारी होणार, हे फार्मचे प्रमुख महादेवराव यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं.

चंद्रभाननं तीन मोठे तक्ते काढले, भाषण पाठ केलं आणि भर दुपारी पऱ्हाटीच्या ओळींत उभा राहून तो इंग्रजी बोलायला लागला. पऱ्हाटी बिचारी ऐकून घेई. पहिला तक्ता झोकात जाई, दुसरा त्याहून झोकात. तिसऱ्यावर काठी टेकली की जीभ अडे, आणि पाठीमागे कुणीतरी खोकायचं.

वळून बघावं तर ओळ रिकामी. ऊन नुसतं उभं. पानही हलत नसे.

ते खोकणं त्याच्या ओळखीचं होतं. फार्मवरचा मोजणीदार देवमन तायडे आकडा सांगण्याआधी अस्साच एकदा खोकायचा. दर बुधवारी शंभर झाडं तो बोंडागणिक तपासी. किडक्या बोंडामागे एक सरकी कनवटीला लावी आणि ओळ संपली की सरक्या मोजून आकडा सांगे. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यापासून तो कुणापुढे वाकत नसे. ताठ उभा राहून "जयभीम" म्हणे, खोके, आणि म्हणे, "सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीसावं मले शंकेचं वाटलं, म्हून सोडलं." एवढा प्रामाणिक माणूस सरकारी नोकरीत कसा टिकला, याचंच खरं म्हणजे संशोधन व्हायला हवं होतं.

साठ सालच्या ऑक्टोबरात देवमन तीन दिवसांच्या तापात गेला. तो गेला मंगळवारी. मोजणी होती बुधवारी.

आता चंद्रभानची एक सवय. हंगामाच्या सुरुवातीलाच तो सुंदर अक्षरात रजिस्टरभर 'मोजणारा : देवमन तायडे' असं लिहून ठेवी. पुढचं काम हलकं होतं, म्हणे. त्यामुळे माणूस गेला, तरी त्याचं नाव पुढच्या बुधवारी वाट पाहत बसलेलं. दुसरा मोजणीदार मंजूर व्हायला तीन आठवडे लागले. रकाना कोरा दिसला तर वरून खुलासा मागतात. चंद्रभाननं खुर्चीत बसून अंदाजानं आकडे भरले : बावन्न, एकाहत्तर, चौऱ्याण्णव. हात जरा सैल सुटला. आणि त्याचा सिद्धान्त उभा होता तो नेमका याच तीन आकड्यांवर; तिसऱ्या तक्त्यावर ते तीन ठिपके होऊन बसले होते. मेलेल्या देवमननं तीन बुधवार अळ्या मोजल्या होत्या, आणि जिवंतपणी कधी निघाल्या नाहीत इतक्या मोजल्या होत्या.

"तिसऱ्या तक्त्यावर जोर द्या, गावंडे," महादेवराव म्हणाले. "पुण्याचे साहेब त्याच्यासाठीच येऊन राहिले."

जेवताना चंद्रभान घास हातात धरून मागे वळून बघायला लागला, तेव्हा वच्छलेनं त्याला धरून बसवलं आणि सगळं वदवून घेतलं. ऐकून तिनं शांतपणे भाजी वाढली.

"मंग येणारच ना तो," ती म्हणाली. "जलमभर एक सरकी इकडची तिकडं नाई केली त्या मानसानं. त्याच्या नावावर तुमी चौऱ्यान्नव मांडले?"

"सांगतलं त नोकरीचं नुकसान होईन."

"नका सांगू. मंग खोकू द्या त्याले."

सकाळच्या गाडीनं तो निघाला. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. बाकावरचा एक म्हातारा सरकला, चंद्रभान बसला. म्हातारा आणखी सरकला.

"बसलो ना मी, बाबाजी," चंद्रभान म्हणाला.

"तुमी बसले. तुमच्यासंगचे उभे आहेत ना," म्हातारा म्हणाला.

चंद्रभाननं तक्त्यांची नळकांडी पोटाशी धरली आणि गाडी येईपर्यंत मान वळवली नाही.

हॉल भरलेला होता. पुढं पुण्याचे साहेब, त्यांच्या मागं महादेवराव, टेबलावर दहा मिनिटं मोजणारी घंटा. चंद्रभानचं इंग्रजी वऱ्हाडी बैलासारखं होतं. चाल संथ, पण गाडी ओढून नेणारं. पहिला तक्ता गेला. दुसऱ्याला माना डोलल्या. तिसऱ्यावर काठी टेकली आणि त्यानं खोकल्याची वाट पाहिली.

खोकला आला नाही. हिवाळ्याचे दिवस, दोनशे माणसं, आणि कुणी घसासुद्धा खाकरला नाही. आकडा सांगायला कुणी आलंच नव्हतं. त्या शांततेत चंद्रभानला उन्हातल्या रिकाम्या ओळीपेक्षा जास्त भीती वाटली.

पाठ केलेलं इंग्रजी तिथंच संपलं. पुढचं तो मराठीत बोलला.

"हे तीन ठिपके मोजलेले नाहीत. मोजणारा पहिल्या मोजणीच्या आदल्या दिवशीच वारला होता. मी खुर्चीत बसून लिहिले."

मागं कुणीतरी हसलं. महादेवरावांनी चष्मा काढला आणि ते तो पुसतच राहिले.

"मग तुमचा निष्कर्ष?" पुण्याच्या साहेबांनी विचारलं.

"राहत नाही, साहेब."

"अजून तीन मिनिटं आहेत तुमची."

त्या तीन मिनिटांत चंद्रभाननं देवमन तायडे कसा मोजायचा ते सांगितलं. कनवट, सरकी, सोडून दिलेलं अठ्ठेचाळीसावं बोंड. घंटा वाजली तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. पुण्याचे साहेब मात्र काहीतरी लिहून घेत होते.

निबंध छापला गेला नाही. अधिकारी दुसराच झाला; त्याला अळी दाखवली की तो दोन पावलं मागं सरे. चंद्रभानला खुलासा द्यावा लागला, तोही त्यानं सुंदर अक्षरात दिला.

पण हे सगळं नंतरचं. अमरावतीहून परतल्यावर तो आधी शेतात गेला. देवमनची बायको पंचफुला फार्मवर वेचणीला येई. तिला त्यानं बांधावर गाठून सगळं सांगितलं. ती वेचत वेचतच ऐकत होती.

"म्हंजे मेल्यावरही तीन हप्ते कामाले लावलं का त्याले, साहेब?"

"हो. तीन बुधवार," चंद्रभान म्हणाला.

"अन् किती निघाले म्हने त्याच्या हातून?"

"शेवटच्या बुधवारी चौऱ्याण्णव."

पंचफुलेचे हात थांबले. "चौऱ्यान्नव? त्या साली बोंडं चांदीसारखी होती. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मीच आली होती ना वेचाले. कीड कुठी होती?"

"तू बोलली नाहीस कधी."

"तुमी विचारलं कधी?"

त्यानं घाईघाईनं वही काढली. "सांग मग. अंदाजे किती असतील?"

पंचफुला त्याच्याकडे अशी बघत राहिली, की आपण काय विचारलं ते चंद्रभानला आपोआप कळलं.

"पुना अंदाजे?" ती म्हणाली. "आज बुधवारच हाय, साहेब. पऱ्हाटी उभी हाय. मोजा ना सोता."

चंद्रभाननं वही खिशात टाकली, पहिल्या झाडाशी उकिडवा बसला आणि बोंडं उलटसुलट करून बघायला लागला. दहाव्या झाडापाशी त्याची कंबर धरली. पाठीमागं कुणीतरी त्याच्याच चालीनं झाडागणिक थांबत होतं. पंचफुला तर पार पुढच्या ओळीला होती.

अकराव्या झाडाचं एक बोंड त्याला शंकेचं वाटलं. त्यानं ते सोडून दिलं.