पिठी आणि पांढरी लिली

गंगापूर रोडवरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुमेधाताई गांगुर्डेंनी पिठी नावाची मांजर लपवून ठेवली होती. मालकांना प्राणी चालत नाहीत, असं आधीच्या भाडेकरूनं सांगितलं होतं. मालकांना स्वतः विचारायचं त्यांनी टाळलं.

बुद्धपौर्णिमेला खिडकीतल्या मूर्तीजवळ पांढरी फुलं हवीत, म्हणून त्या नर्सरीत गेल्या. लिलीची कुंडी उचलताच नर्सरीवाल्या नवनाथनं विचारलं, "मावशी, घरात मांजर नाही ना?"

नवनाथ मालकांच्या बागेचंही काम बघायचा. त्या घाईनं म्हणाल्या, "छे! मांजर कुठली आमच्याकडे?"

तीन दिवसांत पिठीनं खाणं सोडलं. लिलीच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, आता उशीर झालाय, असं डॉक्टर म्हणाले.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा नर्सरीत आल्या. "लेक मांजरीचं पिल्लू आणतेय. त्यानं चावली तरी चालतील अशी झाडं दे. आणि मी पाणी घालायला विसरले तरी जगणारी."

"स्पायडर प्लांट न्या, पेपरोमिया न्या. मावशी, पहिल्यांदाच मांजर पाळताय ना?"

"नाही रे. तू विचारलंस तेव्हा होती."

नवनाथनं दोन्ही कुंड्या रिक्षात ठेवल्या.

घरी येऊन त्यांनी मालकांना फोन केला. मालक जरा कुरकुरले, मग म्हणाले, "ठेवा की. फक्त जिन्यात घाण नको."

एवढंच. सुमेधाताईंनी पिठीची वाटी बाहेर काढली. ती पिल्लासाठी वापरावी, असं काही त्यांना वाटेना.