डेअरीवरचे मुद्देवाले चाचा

माणसांवर लिहावं इतकं जग मी पाहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिताना चुकलं तर सांगणारंही घरात कोणी नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण वडगावच्या डेअरीवरच्या चाचांबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

चाचा आकडा नसलेला लेख वाचत नसत. मोबाइलवर ‘उन्हाळ्यात जनावरांची काळजी’ दिसलं, की बोट फिरवून पुढे जात. ‘उन्हाळ्यात टाळा या सहा चुका’ दिसलं, की चष्मा लावत. संध्याकाळी दुधाची रांग लागली, की एका किटलीतल्या दुधाची फॅट तपासायची आणि एक मुद्दा मोठ्यानं वाचायचा, ही त्यांची पद्धत. दूध घालून झालेली माणसंही शेवटच्या मुद्द्यापर्यंत हलत नसत.

कोणताही विषय चाले. एकदा ‘तरुण दिसण्याचे नऊ उपाय’ निघाले. चेहऱ्याला साय लावण्याच्या उपायापाशी एका आबांनी विचारलं, “चाचा, मग फॅट कितीची लागंल?”

“दुधाची का तुमच्या तोंडाची?” म्हणत चाचांनी पुढचा उपाय वाचला.

‘म्हैस घेताना होणाऱ्या सात चुका’ वाचल्या, त्या दिवशी नुकतीच म्हैस घेतलेला एक जण रांगेत होता. चौथ्या चुकीला तो म्हणाला, “चाचा, बास करा आता.” मागून कोणीतरी म्हणालं, “आजून तीन हायत्या.”

असल्या लेखांत एवढं काय असतं, असं मी भीत भीत विचारलं होतं. चाचा म्हणाले, “पाचातलं दोन आपल्याला ठावं असत्यात, म्हणून बरं वाटतं. दोन पटत न्हायीत, म्हणून बोलाया मिळतं. एखादं नवं असतं. आन् किती येळ हुबं ऱ्हायचं ते आधीच कळतं.”

मला ते पटलं नाही. कॉलेजच्या वाचनालयातून मातीवरचा एक चांगला, सलग लेख मी त्यांना आणून दिला. दुसऱ्या परिच्छेदाला रांग पांगली. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्याच लेखाचे सहा मुद्दे पाडून वाचले. सगळे थांबले, वर चौथ्यावरून दोघांची जुंपली.

“पाणी मोकळं सोडलं की वाहून जातं,” चाचा म्हणाले, “सरीसरीनं दिलं की मुरतं.”

मग रस्त्यापलीकडे खासगी डेअरी झाली. तिथं दर बरा होता आणि रांगच लागत नव्हती. इकडे पाच मुद्दे संपायच्या आत किटल्या संपू लागल्या. चाचा तीन मुद्द्यांचे लेख शोधू लागले.

“पगाराचं न्हाय रं काय,” ते एकदा म्हणाले. “घरी मी एकटा. डेअरी बंद पडली तर सांच्याला माझ्याकडं कोण यायचं?”

पुढे मी बारामतीला खोली घेऊन राहू लागलो. परीक्षा होत्या, गावी जाणं झालं नाही. परवा आईचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, डेअरी बंद होऊन महिना झाला.

“मग चाचा?” मी विचारलं.

“बसत्यात की त्यांच्या घरापुढं वट्ट्यावर. दूध पल्याड घालायचं आन् रिकामी किटली घिऊन तितं जायचं. आज धा मुद्द्यांचा हाय म्हणं. ठिव आता फोन. बसाया जागा मिळायची न्हाय.”