टाकीला पान्हा फुटला

आमच्या फ्लशची टाकी गळायला लागली, तेव्हा आईला गावाहून येऊन आठवडाही झाला नव्हता.

सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं. आलं की पिंपं, बादल्या, कळश्या, पातेली, जे दिसेल ते भरायचं, गच्चीवरची टाकी भरायची आणि पुढचं पाणी येईपर्यंत जपून वापरत बसायचं. अशा घरात कमोडमध्ये पाण्याची बारीक धार दिवसरात्र वाहू लागली की माणसाला जेवण गोड लागत नाही. पहिल्या दिवशी मी ते हसण्यावारी नेलं. जेवताना म्हणालो, "आई आली आणि टाकीला पान्हा फुटला बघा." बायको हसली, आईही हसली. मग मी टाकीखालचा कॉक बंद केला आणि जाहीर केलं, की तूर्तास सगळ्यांनी बादलीनं पाणी टाकायचं, येत्या रविवारी मी बघतो.

तसे येते रविवार किती आले नि गेले, ते विचारू नका. मी चिंचोळी एमआयडीसीत मशिनींच्या देखभालीवर आहे. दिवसभर तिथल्या मशिनींची दुखणी काढायची आणि घरी येऊन परत पाना हातात धरायचा, हे माझ्या अगदी जिवावर येतं. वय झालं म्हणावं तर तेवढं झालेलं नाही, पण अलीकडे बूट काढायला खाली वाकलो की तसंच वाकून बसावंसं वाटतं. प्लंबर बोलवावा तर ते सगळे नव्या इमारतींच्या कामावर. एका वायसरसाठी आमच्या घरचा जिना कोण चढतो? बादलीनं भागत होतं. भागतंय म्हटलं की आमच्या घरात कुठलीही गोष्ट दुरुस्त होत नाही.

आईला मी 'थोडे दिवस चल' म्हणून आणलं होतं. वडील गेल्यापासून ती अक्कलकोटच्या पलीकडच्या आमच्या गावात एकटी राहायची. तिनं आता कायमचं आमच्याकडेच राहावं, असं माझ्या मनात होतं. बायकोचीही ना नव्हती. पण तसं तिला कुणी बोललं नाही. आपल्याच आईला 'राहा' म्हणून काय सांगायचं? ती रुळली की आपोआप राहील, असा माझा हिशेब. त्यामुळे मी येता-जाता तिच्याकडे बघून रुळल्याच्या खुणा शोधायचो. तिनं दारामागच्या खिळ्यावर स्वतःचा टॉवेल अडकवला, खूण. शेजारच्या बाईशी कानडीत गप्पा मारू लागली, खूण. मेथी निवडायला स्वतःहून घेतली, खूण.

सगळ्यात मोठी खूण म्हणजे ती संडासातली बादली. ती कुणाला रिकामी दिसायचीच नाही. कपडे धुतलेलं पाणी आई बाजूला काढून ठेवायची आणि एक हात गुडघ्यावर, एका हातात अर्धी बादली, असं करत आत नेऊन ओतायची. बायको धावायची, "आत्या, ठेवा ती, मी आणते." आई ऐकायची नाही. "असू दे गं, मीच भरते की." मी बायकोला म्हणालो, "बघ, घर आपलं मानलं की माणूस असंच करतं."

मग एका सकाळी आईला चक्कर आली. मोरीच्या दाराला धरून ती खाली बसली. दवाखान्यात नेलं. लघवीला जळजळ होत होती, तीही बरेच दिवस, आणि ती आम्हाला आज कळत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "आजी, पाणी किती पिता?"

"पिते की," आई म्हणाली.

घरी आल्यावर बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "अहो, खोटं बोलल्या त्या. मी सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो."

मी आईला विचारायला गेलो. ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोडा वेळ टाळाटाळ झाली, मग म्हणाली, "पानी पिलं की जावं लागतं. गेलं की बादलीभर पानी लागतं. कुटं सारखं सारखं? साकू, पितेय त्येवढं साकू." साकू म्हणजे कानडीत पुरे. लहानपणी ताटात जास्त वाढलं की आम्ही हा शब्द म्हणायचो.

मला राग आला. तिच्यावर, टाकीवर, माझ्यावर, चार-पाच दिवसांतून एकदा येणाऱ्या या पाण्यावर. त्या रविवारी उठल्या उठल्या मी पाना घेऊन संडासात शिरलो.

टाकीचं झाकण निघेना. मी ओढतोय, ते हलेना. कारखान्यात भल्याभल्या मशिनी उघडणारा माणूस घरच्या संडासात घाम पुसत उभा. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, की वरचं बटण फिरवून आधी ते काढायचं असतं, बटणानंच झाकण धरून ठेवलेलं असतं. झाकण निघालं. आत सगळीकडे पांढरा क्षार बसलेला. आमच्याकडे नळाचं पुरत नाही म्हणून मिळेल तेवढं बोअरचं पाणी वर चढवतात, त्याचा हा प्रसाद. मधला प्लास्टिकचा खांब पिरगळून वर काढला. त्याच्या बुडाला रबराचा वायसर होता. तो इतका कडक झाला होता, की नखानं दाबला तर नखच दुखलं. खाली नीट बसत नव्हता, म्हणून पाणी झिरपत होतं. एवढंसं दुखणं.

वायसर खिशात घालून सात रस्ता चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदारानं तो दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, नुसता वायसर कोण ठेवतंय आता? आख्खा सेटच घ्या की." मी म्हणालो, सेट नको, वायसर पाहिजे. त्यानं नाराजीनं एक डबा माझ्यापुढे ओतला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी उभ्या उभ्या वायसर जुळवत बसलो. घरी येऊन बसवला तर किंचित मोठा. परत गेलो. उन्हानं डोकं दुखायला लागलं होतं. दुसरा आणला, क्षार खरवडून काढला, खांब बसवला, कॉक उघडला. टाकी भरली आणि आवाज थांबला.

आईला हाक मारली. "ये, दाब बटण."

"नगं, तूच दाब." ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मी दाबलं. पाणी गेलं, टाकी परत भरली, थांबली. आई कान देऊन ऐकत होती.

"ऱ्हायली का गळायची?"

"राहिली. आता बादली उचलायची नाही आणि पाणी पोटभर प्यायचं."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी ती आल्यापासून पाहिलं नव्हतं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामा करूनच. मला फार बरं वाटलं. अंघोळ केली, जेवलो आणि मेल्यासारखा झोपलो.

उठलो तर आईच्या कॉटवर तिची पिशवी. लुगडी घड्या घालून आत ठेवलेली. दारामागचा टॉवेल काढलेला.

"हे काय?"

"सकाळच्या एस्टीनं जाते रे. लई दिवस झाले."

"अगं, आजच तर टाकी दुरुस्त झाली!"

"म्हनून तर," आई म्हणाली. "माज्या हातनं मोडलेली वस्तू तशीच टाकून कशी जाऊ? सून काय म्हनंल? म्हनून थांबले व्हते इतकं दिस."

मी सकाळच्या पँटच्या खिशातून तो कडक वायसर काढून तिच्या हातावर ठेवला. सांगितलं, की हा खाऱ्या पाण्यानं खराब झाला, तू यायच्या आधीपासून होत होता, यात तुझा काही हात नाही. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"मग मी आले आन् फुटली म्हनला व्हतास की तू."

पान्ह्याची ती गंमत. हसली होती ती तेव्हा. म्हणजे एवढे दिवस दुखरा गुडघा घेऊन ती जी बादली ओढत होती, ती मी रुळल्याची खूण धरली होती, आणि ती बिचारी तिकडे भरपाई करत होती. तहान मारून भरपाई करत होती. तिच्या पायाशी बसावं असं वाटलं, पण मी कॉटच्या कडेला नुसता उभा राहिलो.

"आई," मी म्हणालो, "राहा की."

आमच्याकडे पाव्हणा पिशवी घेऊन उठला की 'राहा की' म्हणायची रीत आहे. मनात असो-नसो, म्हणायचं. पाव्हण्यालाही ते ठाऊक असतं. शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की आपण तेच म्हणालो. मी खरंच म्हणत होतो, पण ते तिला कळेल असा वेगळा शब्द मला सुचेना.

आईनं वर पाहिलं, हसली, आणि पिशवीची चेन ओढली.

"यीन की परत," ती म्हणाली.